लाल झाकणाचे एंजिन

जुनी मोटार किंवा तिचे जुने भाग घेताना पारख कशी करावी, याविषयी या सदरातून एकदा लिहावे, अशी सूचना दोघा-तिघा वाचकांनी केली आहे. माझ्या आयुष्याची बत्तीस वर्षे डिझेल एंजिनांच्या कारखान्यात गेली, हे त्यांना ठाऊक आहे. तेव्हा मजपाशी या बाबतीत काही गुरुकिल्ली असावी, असा त्यांचा समज झालेला दिसतो. तो समज चुकीचा आहे, असे नुसते म्हटले तर ते विनयाचे बोलणे वाटेल. म्हणून तो चुकीचा कसा ठरला, याची हकीकतच आज सांगतो. या हकीकतीत फसला तो मी, आणि पैसे गेले ते एका एकोणीस वर्षांच्या मुलाचे. त्यामुळे ती सांगताना मला फारशी मौज वाटत नाही.

सन २००९ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात मुलीकडे राहावयास गेलो होतो. नातवाचे महाविद्यालयाचे पहिले वर्ष नुकतेच आटोपले होते. त्या राज्यात ग्राहकाने आपल्या हाताने पेट्रोल भरावयाचे नाही, असा १९४९ सालचा कायदा आहे, आणि तो आजही चालू आहे. त्यामुळे तेथील पंपांवर नोकरमाणसे ठेवणे भागच पडते. आमच्या नातवाने दोन उन्हाळे अशा एका पंपावर उभे राहून चार हजारांच्या आसपास डॉलर साठविले होते. या कामी वडिलांकडून एक पैदेखील घ्यावयाची नाही, असा त्याचा बाणा होता. वडिलांनाही तो सोयीचा वाटत असावा, कारण त्यांनी त्याला कधी विरोध केल्याचे मी ऐकले नाही.

हे पैसे साठविण्याचे कारण म्हणजे एक एंजिन. त्याच्यापाशी १९९७ सालची एक जुनी होंडा सिव्हिक होती. गाडी हलकी आणि अंगाने नीटस. पण तिचे मूळचे एंजिन अगदीच गरीब स्वभावाचे. ते काढून तेथे इंटिग्रा टाइप आर या गाडीचे एंजिन बसवावयाचे, हे त्याचे दोन वर्षांचे स्वप्न होते. त्याच्या खोलीत त्या एंजिनाचे चित्र लावलेले होते. आमच्या पिढीतील मुले भिंतीवर क्रिकेटपटूंची चित्रे लावीत, तेव्हा याबद्दल तक्रार करण्याचा मला अधिकार नव्हता.

चित्रातील एंजिन कौतुक करण्याजोगे होते खरे. होंडा कंपनीने १९९५ साली जपानात इंटिग्राची ही 'टाइप आर' आवृत्ती काढली. चार सिलिंडर, एकूण आकारमान अवघे १७९७ घन सेंटिमीटर, हवा कोंबणारा टर्बो वगैरे काही नाही. आणि तरी मिनिटास आठ हजार फेऱ्यांवर ते २०० अश्वशक्ती देत असे. ज्याचे सारे आयुष्य मिनिटास दीड हजार फेरे घालणाऱ्या सोज्वळ डिझेल एंजिनांत गेले, त्याला आठ हजार हा आकडा ऐकूनच धाप लागावी. याची युक्ती झडपांत आहे. झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टवर दोन तऱ्हांचे उंचवटे असतात. सावकाश चालताना लहान उंचवटे काम करितात. फेरे वाढले म्हणजे तेलाच्या दाबाने एक खिटी सरकते, आणि झडपांचा कारभार मोठ्या उंचवट्याच्या हाती जातो. ओसरीवर शांतपणे पान खात बसलेल्या गृहस्थाने एकाएकी उपरणे टाकून आखाड्यात उडी घ्यावी, तसा हा प्रकार आहे. शिवाय टाइप आरसाठी हवेच्या वाटा कारागिरांनी हाताने घासून गुळगुळीत केलेल्या असत. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

अशी एंजिने अमेरिकेत येतात ती बहुधा जपानातून, मोडीत निघालेल्या गाड्यांतून. जपानात खासगी मोटारीची सरकारी तपासणी नवी असताना तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी करून घ्यावी लागते. हा खर्च बराच असल्यामुळे पुष्कळ लोक जुनी गाडी ठेवण्यापेक्षा नवी घेणे पत्करतात, आणि चांगल्या चालत्या गाड्यांची एंजिने परदेशी रवाना होतात. एवढे खरे. पण यावर विक्रेत्यांनी एक दंतकथा रचलेली आहे. ती अशी की, जपानात अमुक एक अंतर चालल्यावर एंजिन बदललेच पाहिजे असा कायदा आहे, आणि म्हणून तेथून आलेले प्रत्येक एंजिन कोवळेच असावयाचे. असा कायदा नाही. तपासणी गाडीची होते, एंजिन टाकून देण्याची सक्ती कोणी कोणावर करीत नाही. आणि मैल मोजण्याचे यंत्र गाडीत राहते. एंजिनाबरोबर येतो तो फक्त विक्रेत्याचा शब्द.

दुसरी अडचण नावाची. इंटिग्राची एक साधारण वेगवान आवृत्ती जपानात होती. तिचे एंजिन १८० अश्वशक्तीचे. अमेरिकेत विकलेल्या गाड्यांत या दोन एंजिनांवर वेगवेगळे शिक्के असत, एकावर बी१८सी१ आणि टाइप आरवर बी१८सी५. पण जपानातून आलेल्या दोन्ही एंजिनांवर शिक्का एकच, नुसता बी१८सी. गोत्र एक, पण घराणी दोन. आणि किमतीत मात्र फार अंतर.

नातवाने एक जाहिरात शोधून काढली. विकणारा डेलावेअर नदीपलीकडे, पेन्सिल्व्हानियात राहत होता. एंजिन टाइप आरचे, जपानातून आलेले, त्रेचाळीस हजार मैल चाललेले, गिअरबॉक्ससकट. मागणी ३९०० डॉलर. नातू मला म्हणाला, "आजोबा, तुम्ही बरोबर चला. तुम्ही एकदा पाहिलंत की मला काळजी नाही." या वाक्याने मला किती बरे वाटले, हे मी येथे लपवीत नाही. परदेशात मुलीच्या घरी निवृत्त माणसाला चहाचे पेले विसळण्यापलीकडे फारसे काम नसते. भांडी धुण्याचे यंत्र असेल तर तेही नसते.

दीड तास गाडी चालवून आम्ही तेथे पोहोचलो. विकणारा चाळिशीचा असेल. भाड्याच्या गॅरेजात त्याने नीटनेटके दुकान मांडले होते. हत्यारे भिंतीवर आपापल्या जागी, फरशी झाडलेली. मी एंजिनांच्या कारखान्यात होतो हे नातवाने सांगताच तो मला 'सर' म्हणू लागला, आणि माझ्या कारखान्याविषयी त्याने दोन-चार चांगले प्रश्नही विचारले. मग तो आपण होऊन म्हणाला, "एक दोष आहे तो आधीच सांगतो. ऑल्टरनेटर ज्यावर बसतो तो कंस तडकला आहे. त्याचे शंभर डॉलर कमी करीन." आम्ही तो दोष शोधून काढलाही नसता. मी नातवाकडे पाहिले, आणि त्याने माझ्याकडे. त्या शंभर डॉलरांत त्या माणसाने आम्हां दोघांना विकत घेतले, हे मला फार उशिरा उमगले.

एंजिन लाकडी फळ्यांच्या चौकटीवर ठेवलेले होते. वर टाइप आरचे ते प्रसिद्ध लाल खरबरीत झाकण. मी चष्मा सारखा करून ब्लॉकवरील क्रमांक पाहिला, त्यावरून बोट फिरविले. चोरीच्या एंजिनाचा क्रमांक घासलेला असतो किंवा त्यावर नव्याने ठोकलेला असतो. येथे तसे काही नव्हते. बी१८सी ही अक्षरे स्वच्छ होती. वरच्या भागावर, ज्याला हेड म्हणतात त्यावर, ओतकामातच उठविलेली खूण पीआर३ होती. टाइप आरच्या हेडवर हीच खूण असते आणि साधारण आवृत्तीवर पी७२ असते, हे नातवाने मला येतानाच पढवून ठेवले होते. तेलाच्या भोकात पाहिले. तेथे पाणी आणि तेल मिसळून होणारा ताकासारखा पांढुरका थर नव्हता. तेल काढण्याच्या बुचाच्या टोकाला धातूचा चुरा लागलेला नव्हता. इतके सारे मी केले. मी काहीच केले नाही असे नव्हे.

मग त्याने दाब मोजून दाखविला. स्पार्क प्लग काढून त्या जागी दाबमापक बसवावयाचा, बॅटरी लावून स्टार्टरने एंजिन फिरवावयाचे, आणि पिस्टन हवा किती दाबतो ते पाहावयाचे. चारी सिलिंडरांचे आकडे दर चौरस इंचास २१५ ते २२० पौंडांच्या दरम्यान आले. आकडा मोठा तर हवाच, पण चौघांत मेळ असणे त्याहून महत्त्वाचे. येथे दोन्ही होते. नातवाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

आणि येथेच मी चुकलो. त्याने प्लग काढले तेव्हा त्यांच्या आट्यांवर ओले, ताजे तेल होते. ते मी पाहिले. पाहिले नसते तर आज मनाला लागले नसते. सिलिंडरात चमचाभर तेल सोडले म्हणजे पिस्टनच्या झिजलेल्या कड्यांभोवतीच्या फटी ते काही काळ बुजविते, आणि दाबाचा आकडा चढतो. कारखान्यात ही युक्ती आम्ही रोग ओळखण्यासाठी वापरीत असू. कोरडा आकडा कमी आणि तेल सोडल्यावर जास्त आला, तर कड्या झिजल्या असे समजावयाचे. म्हणजे हे औषध मला पाठ होते. पण बंद पडून राहिलेल्या एंजिनात गंज चढू नये म्हणून सिलिंडरांत थोडे तेल घालून ठेवितात, ही चालही मला तितकीच पाठ होती. तेल दिसताच माझ्या मनाने आपण होऊन हे दुसरे कारण पुढे केले. तो माणूस माझी नजर पाहत होताच. "गंज धरू नये म्हणून घातले आहे, सर," तो म्हणाला, आणि मी मान डोलावली. त्याने सबब सांगण्याच्या आधीच ती मी त्याला देऊन ठेवली होती. एखाद्या अडाणी माणसाने विचारले असते, 'हे तेल कसले? पुसून काढा आणि पुन्हा मोजा.' मला विचारण्याची गरज वाटली नाही, कारण मला ठाऊक होते.

हवेच्या वाटा घासलेल्या आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी समोरचा नळ्यांचा जुडगा उतरवावा लागतो. तासाभराचे काम. मी ते सुचवून पाहिले. तो म्हणाला, "अवश्य काढू, पण मधले गॅस्केट फाटेल, आणि नवे मजपाशी नाही." आता गॅस्केट म्हणजे चार पैशांची वस्तू. परंतु ज्याने शंभर डॉलरांचा दोष आपण होऊन सांगितला, त्याच्यावर इतका अविश्वास दाखविणे मला शिष्टाचाराला सोडून वाटले. आपल्या घरांतून हा संकोच आपण संस्कार म्हणून मुलांना देतो. दुकानदारापुढे माप पुन्हा करावयास लावणे म्हणजे हलकेपणा, असे मीही लहानपणी शिकलो. आमच्या आईला मात्र हा संकोच नव्हता. ती तराजूच्या पारड्याखाली हात घालून पाहत असे आणि आम्हां भावंडांना लाज वाटे.

किंमत जरा कमी का, असे नातवाने विचारले. "मी हे गाव सोडून चाललो आहे," तो म्हणाला. त्याने सांगितलेल्या गोष्टींपैकी ही मात्र खरी निघाली.

"आजोबा, घेऊ ना?" नातवाने मराठीत विचारले. मी म्हणालो, "घे. माणूस जाणता दिसतो." ३८०० डॉलर रोख मोजले गेले. 'जसे आहे तसे विकले' अशा शब्दांची पावती मिळाली.

पुढच्या आठवड्यात एंजिन बसविण्यासाठी एका वयस्क मेकॅनिककडे नेले. हा गृहस्थ हैतीहून येऊन तेथे स्थायिक झालेला होता, आणि बोलणे त्याला आवडत नसे. त्याने प्रथम प्लग काढून ठेवून सिलिंडरांतील तेल शोषून घेतले आणि कोरडा दाब मोजला. तीन सिलिंडर १८५ च्या आसपास, चौथा १२०. मग त्याने दुसरी परीक्षा केली. पिस्टन वरच्या टोकाशी आणून ठेवावयाचा, प्लगच्या भोकातून दाबाची हवा आत सोडावयाची, आणि ती कोठून निसटते ते ऐकावयाचे. हवा आत घेणाऱ्या वाटेतून फुसफुस आली तर ती झडप गळते. धुराच्या नळीतून आली तर धुराची झडप. रेडिएटरात बुडबुडे उठले तर हेडखालचे गॅस्केट गेले. आणि तेलाच्या भोकातून आली तर कड्या किंवा सिलिंडरची भिंत. त्याने मला खुणेने जवळ बोलाविले. मी तेलाच्या भोकाशी कान नेला. आत दम्याच्या रोग्यासारखी हवा वाहत होती.

आमच्या कारखान्यात एक जुने मिस्त्री होते. ते स्क्रूड्रायव्हरचे टोक चालत्या एंजिनावर टेकवून त्याची लाकडी मूठ कानाला लावीत, आणि आतील कोणता बेअरिंग कुरकुरतो ते सांगत. त्यांच्या हाताखाली मी सहा वर्षे काढली. पेन्सिल्व्हानियातील त्या गॅरेजात मी एंजिनाकडे पुष्कळ पाहिले, त्याच्या मालकाचे बोलणे पुष्कळ ऐकले, पण एंजिनाला काही कान दिला नाही.

नंतर मेकॅनिकने नळ्यांचा जुडगा उतरविला. हवेच्या वाटा ओतकामाच्या खरखरीत अंगाच्याच होत्या. हाताने घासल्याची खूण कोठेही नव्हती. हेड वर काढल्यावर पिस्टनचे माथे दिसले. टाइप आरच्या पिस्टनला चांगला उंचवटा असतो, हे तसे नव्हते. सारा प्रकार आता उघड झाला. ब्लॉक साधारण इंटिग्राचा, म्हणून शिक्का खरा. हेड होंडाच्याच एका १६०० घन सेंटिमीटरच्या जुन्या एंजिनाचे. त्याच्यावरही ओतकामाची खूण पीआर३ अशीच असते, म्हणून तीही खरी. हे हेड त्या ब्लॉकवर बिनबोभाट बसते, आणि टाइप आरच्या नळ्या त्या हेडवर बसतात. कोणताही क्रमांक खोडलेला नव्हता, कोणतीही खूण बनावट नव्हती. प्रत्येक तुकडा खरा, आणि त्यांची जुळणी तेवढी खोटी. मेकॅनिक लाल झाकणाला टिचकी मारून म्हणाला, "टाइप आरचे म्हणाल तर एवढेच आहे."

जावईबापूंनी वकील मित्राला विचारले. अमेरिकेतील व्यापारी कायद्याप्रमाणे मालाचे जे वर्णन करून तो विकला, त्या वर्णनाबरहुकूम तो असला पाहिजे, आणि 'जसे आहे तसे' या शब्दांनी ते स्पष्ट वर्णन सहसा पुसले जात नाही. आपल्याकडेही १९३० च्या मालविक्री कायद्याचे पंधरावे कलम हेच सांगते. त्याच्या पुढचे सोळावे कलम मात्र गुणवत्तेची जोखीम सामान्यतः घेणाऱ्यावर टाकते आणि मग काही अपवाद करते. सारांश, एंजिन झिजलेले निघाले याबद्दल रडत बसावे लागले असते. पण टाइप आर म्हणून दुसरेच दिले, याबद्दल भांडता आले असते. नातवाने जाहिरात छापून ठेवली होती, हे त्याचे शहाणपण. परंतु दावा लावावयाचा कोणावर? पावतीवर सही होती, ती वाचता येत नव्हती. टेलिफोन बंद होता. आम्ही पुन्हा दीड तास गाडी हाकून गेलो, तो गॅरेज रिकामे. फरशी तशीच स्वच्छ झाडलेली. रोख पैसे देताना त्याचे ओळखपत्र पाहावे, एवढी साधी गोष्ट आम्हां दोघांपैकी कोणाला सुचली नव्हती. वाचकांनी माझ्याकडून काही घ्यावयाचे असेल तर एंजिनाचे ज्ञान घेण्याऐवजी एवढे घ्यावे.

खरी गोष्ट याच्या पुढे आहे.

रात्री जेवताना जावईबापू म्हणाले, "यात एवढे काय बिघडले? हेड पुन्हा बसव, लाल झाकण लाव, आणि त्याने दिली तशीच जाहिरात दे. 'मी टाइप आर म्हणून घेतले' असे लिही. त्यात खोटे एक अक्षर नाही." मुलगी त्यांच्याकडे पाहू लागली, मग माझ्याकडे. जावईबापू वाईट मनुष्य नव्हेत. पोराने दोन उन्हाळे पंपावर उभे राहून मिळविलेला पैसा बुडताना त्यांना पाहवत नव्हता, आणि ते वाक्य खरोखरीच कायद्याच्या चिमट्यात सापडण्याजोगे नव्हते. सर्वांना वाटले, आता बाबा काही बोलतील. मी बोललो नाही. मी पाण्याचे भांडे उचलले आणि पाणी प्यालो.

त्या मौनाचा हिशेब मी पुढे पुष्कळदा मांडून पाहिला. त्या घटकेला माझ्या मनात नीतीचा विचार नव्हता. पैसे परत आले तर माझ्या चुकीवर पांघरूण पडेल, एवढाच विचार होता. नातू नुसता फसला असे झाले, तर त्याला फसविणाऱ्यांत माझा शब्दही मोजावा लागणार. आणि एंजिन त्याच भावात पुढे गेले, तर आजोबांची पारख फारशी चुकली नाही, असे घरात ठरणार. आपल्या कायद्यात करारावेळी नुसते गप्प राहणे म्हणजे लबाडी नव्हे असे म्हटले आहे. मात्र बोलणे हे ज्याचे कर्तव्य होते त्याचे मौन त्यात येत नाही. १८७२ च्या करार कायद्याचे सतरावे कलम. त्या रात्री जेवणाच्या मेजावर ते कलम मला चांगले आठवत होते.

नातू दोन दिवस कोणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने आपण लिहिलेली जाहिरात मला वाचावयास दिली. मजकूर थोडा होता. ब्लॉक साधारण इंटिग्राचा, १८०० चा. हेड १६०० च्या एंजिनाचे. चौथा सिलिंडर कमजोर, कोरडा दाब १२०. मैल ठाऊक नाहीत. टाइप आर नव्हे. किंमत १२०० डॉलर. खाली मेकॅनिकने मोजलेले चारी आकडे दिले होते. वाचून झाल्यावर त्याने विचारले, "काही राहिलं का, आजोबा?" मी सांगितले, तडकलेला कंस राहिला. त्याने तो लिहिला.

एंजिन ११०० डॉलरांना गेले. मेकॅनिकची मजुरी सोडून २७०० डॉलर बुडाले. त्यातील निम्मे मी देतो, असे मी म्हटले. 'घे' हा शब्द माझा होता. त्याने प्रथम नाही म्हटले. मी म्हणालो, "दान नव्हे हे. फसल्यात माझी भागी आहे, ती मला दे." तेव्हा त्याने १३५० डॉलर घेतले. जावईबापूंनी त्यावर काही भाष्य केले नाही. पण पुढच्या वर्षी पंपावर जाण्याऐवजी त्यांनी पोराला आपल्या ओळखीने एका कार्यालयात काम मिळवून दिले. सिव्हिकमध्ये ते जुने गरीब एंजिनच पुन्हा बसले, आणि ती पुढे पाच वर्षे बिनतक्रार चालली.

एंजिन न्यावयास आलेला मुलगा नातवाच्याच वयाचा होता. मी त्या वेळी गॅरेजात बसलो होतो. त्याने सारे नीट पाहिले, आकडे ताडून घेतले, पैसे मोजले. मग त्याची नजर कोपऱ्यात काढून ठेविलेल्या लाल झाकणाकडे गेली. नातवाने एंजिनावर मेकॅनिककडून आणलेले एक साधे काळे झाकण बसविले होते. "ते पण दे," तो म्हणाला, "शंभर डॉलर जास्त देतो." शंभर डॉलर म्हणजे पंपावरचे दोन दिवस. नातवाने विचारले, "ह्या एंजिनावर लावणार का?" तो हसला, उत्तर दिले नाही.

नातवाने ते झाकण दिले नाही. अजूनही ते त्यांच्या गॅरेजात खिळ्याला टांगलेले आहे.